वनविद्येची पदवी आणि मेहुण्यांचा धनादेश

२०२४ च्या जून महिन्यात चार दिवसांची रजा काढून भिलाईला गेलो होतो. धाकट्या बहिणीच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका पडलेली दिसली. मुखपृष्ठावर हिरवी टेकडी, तिच्यावरून उडणारा पक्षी, आणि खाली पर्यावरण, शाश्वत विकास, व्यवस्थापन असे तिन्ही शब्द एकत्र गुंफलेल्या एका पदवीचे नाव. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत शुल्क होते. चार वर्षांचे मिळून नऊ लाखांच्या वर. वसतिगृह आणि भोजन वेगळे.

भाची नुकतीच बारावी झाली होती. मेहुणे पोलाद कारखान्यात. निवृत्तीला एक वर्ष उरलेले. जागा राखून ठेवण्यासाठी पंचवीस हजार भरून झाले होते, आणि पहिल्या वर्षाच्या शुल्काचा धनादेश लिहून कपाटात ठेवलेला होता. “तुम्ही सरकारात आहात, एकदा नजर घाला,” एवढेच ते म्हणाले. सरकारात असलेल्या माणसाला सर्व काही ठाऊक असते, हा नातेवाइकांचा गोड गैरसमज मी तीस वर्षे सांभाळत आलो आहे.

मुलीला हे शिकायचे होते, यात मात्र शंका नव्हती. भिलाईच्या मुलांना निसर्गसंपत्ती म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. या गावाचे अस्तित्वच दगडावर आणि पाण्यावर आहे. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली; तिचे लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आले, चुनखडी नंदिनीहून, आणि पाणी तांदुळा धरणाच्या कालव्याने मरोद्याच्या तलावात. आमच्या लहानपणी या सगळ्याचा आम्हांला अभिमानच होता. भाचीच्या पिढीने त्याच डोंगरांची दुसरी बाजू पाहिली. शाळेच्या सहलीत तिने राजहऱ्याजवळचा तांबडा ओहोळ पाहिला आणि घरी येऊन वडिलांना विचारले, की हे पाणी पुढे कुणाच्या शेतात जाते? चाळीस वर्षे तेच खनिज वितळवणाऱ्या माणसाला उत्तर देता आले नाही. मला वाटते, धनादेश त्या दिवशीच मनात लिहिला गेला असावा.

आता माझ्या बाजूची एक गोष्ट सांगणे भाग आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका नव्या महाविद्यालयाच्या पाहणी समितीत मी कनिष्ठ सदस्य होतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेले होते. त्यांतल्या काहींच्या पायाला दुसऱ्याच संस्थेचे नाव पांढऱ्या रंगात लिहिलेले मला दिसले. मी ते वरिष्ठांच्या कानावर घातले. ते हसले, आणि अहवालात ‘त्रुटींची पूर्तता करण्याच्या अटीवर शिफारस’ असे वाक्य आले. खाली माझीही सही आहे. पुढे कित्येक वर्षांनी एक तरुण माझ्या कार्यालयात आला. वन खात्यातील एका पदासाठी त्याचा अर्ज छाननीत बाद झाला होता, कारण त्याच्या पदवीत जाहिरातीला हवा असलेला एकही विषय नव्हता. पदवी त्याच महाविद्यालयाची, पर्यावरणाच्याच नावाची. नियम स्पष्ट होता. मी काहीही करू शकलो नाही. त्याने गुणपत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि नमस्कार करून गेला. तो नमस्कार मला अजून आठवतो.

म्हणून मी पुस्तिका उघडली ती विषयांच्या पानावर. भारतीय वन सेवेच्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, संख्याशास्त्र किंवा पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय पदवीला असावा लागतो. नाही तर पदवी कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकीची हवी. पुस्तिकेतल्या पदवीत संवादकौशल्य होते, हरित विपणन होते, नेतृत्वविकास होता. वनस्पतिशास्त्राचा मात्र एक अर्धवट घटक पहिल्या सत्रात येऊन नाहीसा होत होता. मुलीला वन सेवेतच जायचे आहे असे नाही. पण अठराव्या वर्षी नऊ लाख देऊन एक दार कायमचे बंद करून घेण्यात शहाणपण ते कोणते?

मग स्वस्त आणि चांगले कोठे आहे? हा प्रश्न महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत एका वेगळ्याच वळणाने जातो. बहिणीच्या मनात पहिले नाव आले ते दापोलीचे. कोकण कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय हे देशातील जुन्यांपैकी एक. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली वनशिक्षण विद्यापीठांकडे नेण्याची शिफारस केली, त्यानंतर ऐंशीच्या दशकात अशी महाविद्यालये निघाली. अकोल्यालाही आहे. मुलीचे आजोबा खामगावचे, घरात मराठी बोलली जाते, गणपती बसतो. पण मुलगी जन्मली आणि शिकली छत्तीसगडात. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील जागेसाठी अधिवास विचारला जातो, मातृभाषा नव्हे. सीमाभागातील मराठी मुलांसाठी काही प्रवेशप्रक्रियांत सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. भिलाईच्या मुलीसाठी नाही. बिंबाजी भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणूस नांदतो आहे, पण अर्जाच्या नमुन्यात त्याला रकाना नाही! जातीच्या दाखल्याचेही तसेच. स्थलांतर केलेल्या कुटुंबाला मूळ राज्यातला आरक्षणाचा लाभ नव्या राज्यात आपोआप मिळत नाही, हे पुष्कळांना प्रवेशाच्या खिडकीशी कळते.

दार मात्र एक आहे, आणि त्याची माहिती आपल्या लोकांत फार थोडी. राज्यांच्या कृषी विद्यापीठांतील पदवीच्या जागांचा एक ठरावीक वाटा भारतीय कृषी अनुसंधान परिषद अखिल भारतीय पातळीवर भरते. त्यात वनविद्याही येते. २०२३ पासून हे प्रवेश सीयूईटीच्या गुणांवर होतात. म्हणजे भिलाईची मुलगी अधिवास न बदलता दापोलीला जाऊ शकते. शिवाय आपले राज्य सोडून अशा रीतीने शिकायला जाणाऱ्यांना परिषदेची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती दरमहा मिळते. जे परकेपण राज्य कोट्यात अडचण ठरते, तेच येथे शिष्यवृत्तीचे कारण ठरते, ही प्रशासनातली गंमत मला आवडली.

सुदैवाने भाचीने मे महिन्यात सीयूईटी दिलेली होती, मैत्रिणी देत होत्या म्हणून. मी विचारले, “अर्ज कशासाठी भरला होतास?” ती म्हणाली, “मामा, सगळे भरत होते.” असो.

घराजवळचे पर्याय पाहू लागलो तेव्हा मात्र मी स्वतःच ओशाळलो. ज्या राज्याचा नोंदीनुसार सुमारे ४४ टक्के भूभाग वनक्षेत्र आहे, त्या राज्यातल्या मुलीला वनविद्या शिकण्यासाठी आम्ही हजार किलोमीटरवरच्या पुस्तिका चाळत होतो. बिलासपूरचे गुरु घासीदास विद्यापीठ २००९ पासून केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथे वनविद्या, वन्यजीव व पर्यावरण विज्ञान असा स्वतंत्र विभाग आहे, आणि शुल्क सरकारी. रायपूरला १९८७ पासून इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. खुद्द दुर्ग जिल्ह्यात, पाटण तालुक्यातील सांकरा येथे उद्यानविद्या व वनविद्येचे महात्मा गांधींच्या नावाचे नवे विद्यापीठ निघाले आहे. मृदा व जलसंधारण हा विषय कृषी अभियांत्रिकीत फार चांगला शिकवला जातो आणि पाणलोटाच्या कामांत त्या मुलांना मागणीही असते. पण त्याला गणित लागते आणि भाचीने जीवशास्त्र घेतलेले. ती वाट तेथेच संपली.

आणि सर्वांत स्वस्त वाट तर घरातून स्कूटरने जाण्याइतकी जवळ. दुर्गचे शासकीय विश्वनाथ यादव तामस्कर स्वायत्त महाविद्यालय, ज्याला सगळे नुसते सायन्स कॉलेज म्हणतात, १९५८ चे आहे. नाव ज्यांचे, ते दुर्गचे वकील आणि स्वातंत्र्यसैनिक. आडनाव वाचून मराठी वाचकाने ओळखावे. तेथे वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. करावी आणि खरा खर्च व खरी निवड पदव्युत्तर टप्प्यावर करावी, हे माझे मत. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९९१ पासून अभिमत विद्यापीठ आहे; तेथेच १९८२ ची भारतीय वन्यजीव संस्था आहे. त्यांच्या एम.एस्सी.ला साध्या विज्ञान पदवीची मुले जातात आणि निवड स्पर्धेतून होते. भोपाळची भारतीय वन प्रबंध संस्थाही नावाजलेली, पण तिचे शुल्क व्यवस्थापन संस्थांच्या धर्तीचे. तेथे जाणाऱ्याने बँकेच्या कर्जाचा हिशेब आधी मांडावा.

तीन रात्री आम्ही चौघे त्या टेबलावर बसलो. मेहुण्यांचा आक्षेप एकच होता: स्वस्त आहे ते चांगले कसे असेल? कारखान्यात अंगात भिनलेला विचार. हलका माल भट्टीत टाकू नये. मी त्यांना सांगितले, की शुल्क हा दर्जाचा पुरावा नव्हे. दर्जा पाहायचा तर विचारावे, की शिकवणारे कायम किती आणि तासिका तत्त्वावरचे किती. मुले वर्षातून किती दिवस रानात असतात. रोपवाटिका स्वतःची आहे की सहलीत दाखवायची. वनविद्येच्या पदवीत शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष वनात व गावात राहून काम करण्याचे एक सत्र असते. ते कोठे होते, हे मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला विचारावे, प्रवेश कार्यालयाला नव्हे. सरकारी विभागांत रिकाम्या जागांचा रोग आहे, हेही मी लपवले नाही. भाचीने पुस्तिकेवरच्या क्रमांकाला फोन करून रोपवाटिकेबद्दल विचारले. पलीकडच्या मुलीने वसतिगृहाच्या वातानुकूलनाची माहिती दिली.

तेव्हा मेहुण्यांनी कपाटातून धनादेश काढला आणि दोन तुकडे केले.

राहिले पंचवीस हजार. ‘परत मिळणार नाहीत’ असे पावतीवर छापलेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४-२५ च्या शुल्क परताव्याच्या धोरणानुसार ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केल्यास संपूर्ण रक्कम परत करणे बंधनकारक होते. त्यानंतर ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून. पावतीवरचा छापील मजकूर त्यापुढे टिकत नाही. पत्राचा मसुदा मी केला, सही मेहुण्यांनी केली. दोन स्मरणपत्रांनंतर पैसे आले. पहिल्या स्मरणपत्रात मी सवयीने ‘सविनय’ लिहिले होते. दुसऱ्यात तो शब्द भाचीने खोडला.

जुलैअखेर निकाल लागला. परिषदेच्या समुपदेशनात तिने दापोली वर लिहिले होते, पण पहिल्या फेऱ्यांत वनविद्या मिळाली नाही. खबरदारी म्हणून सायन्स कॉलेजात नाव घातलेले होतेच. मग बिलासपूर मिळाले. बहीण रडली, कारण बिलासपूर. दापोलीसाठीही ती रडलीच असती.

अलीकडे रविवारी भाचीचा फोन येतो. साल वृक्षाच्या खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे छातीइतक्या उंचीवर मोजतात, हे तिने मला सांगितले. “पण मामा, झाड उतारावर असेल तर उंची कोणत्या बाजूने धरायची?” मी म्हटले, खालच्या बाजूने. ती हसली. चढाच्या बाजूने धरतात म्हणे.