बी नसलेलं झाड

मुलांनो, एक कोडं घालू? दिसायला फणसाचा धाकटा भाऊ. पण कापला तर आत गरे नाहीत आणि आठळ्याही नाहीत. बी म्हणून काही नाहीच! मग सांगा पाहू, या झाडाचं दुसरं झाड होतं तरी कसं?

उत्तर लगेच सांगणार नाही. त्यासाठी तुम्हाला माझ्याबरोबर एसटीत बसावं लागेल. चला तर!

मी आजऱ्याजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेतली माझी एक मैत्रीण मूळची वेंगुर्ले तालुक्यातली. २०१९ च्या मे महिन्याच्या सुट्टीत ती म्हणाली, "चल माझ्या आत्याकडे. समुद्र बघ, आंबे खा." रिकाम्या हातानं कसं जायचं? मी पिशवीत दोन किलो आजरा घनसाळ तांदूळ घेतला. आमच्या भागातला हा वासाचा तांदूळ. शिजायला लागला की शेजारच्या घरात कळतं, बरं का!

आंबोलीचा घाट उतरला की हवाच बदलते. वर गार वारा होता. खाली सावंतवाडीला पोचेपर्यंत पाठ घामानं चिंब. वेंगुर्ल्याला गाडी बदलली आणि शिरोड्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत मोचेमाड, मग आरवली. आरवलीच्या वेतोबाला लोक नवस फेडायला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. पुढे शिरोडे. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. 'ययाति'कार वि. स. खांडेकर तिथल्याच शाळेत शिक्षक होते. शिक्षक म्हटल्यावर माझी मान जरा ताठ झाली!

आम्ही मात्र आरवलीच्या अलीकडेच उतरलो. लाल मातीची पायवाट, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वर माडांची सावली. आत्याच्या घरापुढे शेणानं सारवलेलं अंगण होतं. तिकडे त्याला खळं म्हणतात. खरी गंमत या खळ्यातच होती.

तिन्हीसांजेला दिवा लागला की तिथे चार जण जमायचे. एक माझ्या मैत्रिणीची आत्या. तिचा हात सुरण, अळू आणि करांदे लावण्यात. दुसरे ड्रायव्हरमामा. एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना अबोलीचं वेड. तिसरे आबा. ते पूर्वी पोस्टमन होते, आता आंब्याची कलमं बांधतात. आणि चौथ्या शेजारच्या आजी. त्यांच्या परसात नीरफणसाचं एक जुनं, घराच्या कौलांवर सावली धरणारं झाड होतं. हाताच्या पंजासारखी फाटलेली ही मोठमोठी पानं! हेच ते कोड्यातलं झाड.

त्या दिवशी आजींनी नीरफणसाची कापं करून आणली होती. साल काढायची, पातळ चकत्या करायच्या, मीठ, हळद, तिखट लावायचं, रव्यात घोळवायच्या आणि तव्यावर खरपूस भाजायच्या. वरून कुरकुरीत आणि आत उकडलेल्या बटाट्यासारखी मऊ. मी दोन खाल्ली आणि तिसऱ्याकडे बघत राहिले. आजींना कळलं. "घे गो बाय, लाजतंस कित्याक?" त्या म्हणाल्या. मग मी लाजले नाही!

आणि गप्पा? अहो, त्या गप्पांना ना सुरुवात ना शेवट. ड्रायव्हरमामा म्हणायचे, यंदा अबोलीला मुंग्या लागल्या. आत्या म्हणायची, राख टाका. मग राखेवरून चुलीची आठवण, चुलीवरून पेजेची, पेजेवरून मुंबईच्या बोटीची. पूर्वी मुंबईहून बोट यायची. ती बंदरापासून लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्यावर यायची. "माझो मामा पडावातून उतरताना पाण्यात पडलो, पण खाजाची पिशवी भिजाक दिल्यान नाय!" ड्रायव्हरमामा सांगायचे आणि सगळे हसायचे. ही गोष्ट त्यांनी शंभरदा ऐकली असेल, तरी हसायचे.

पण रोजची खरी जुगलबंदी आबा आणि आजींची. आबा त्यांना 'वयनी' म्हणतात, म्हणजे वहिनी. आजी त्यांना 'भावजीनू' म्हणतात.

"भावजीनू, माझी पायरी खंय असा ती आधी सांगा," आजी सुरू करायच्या.

भानगड अशी होती. बऱ्याच वर्षांपूर्वी दोघांनी एक देवघेव केली. आजींनी आबांना नीरफणसाचं रोप दिलं आणि आबांनी आजींना पायरी आंब्याचं कलम. नीरफणस आबांच्या परसात छान वाढला. पायरीला मात्र पाच-सहा वर्षांनी आंबे धरले ते बारीक, दोऱ्यांनी भरलेले, आंबटढाण. चक्क रायवळ!

"पायरी म्हणान रायवळ दिल्यात माका!" आजी म्हणायच्या.

"मी पायरीच दिलंय. तुमी सांध्याखालचो फुटवो वाढवलास, त्याका मी काय करू?" आबा म्हणायचे.

मुलांनो, आबांचं म्हणणं तुम्हाला कळलं का? डी.एड.ला कार्यानुभवाच्या तासाला मी कलमांचे प्रकार पाठ केले होते, पण कळलं ते त्या खळ्यात. आंब्याची कोय पेरली की झाड येतं, पण त्याला आईसारखाच आंबा येईल याची खात्री नसते. म्हणून साध्या आंब्याच्या कोयीचं रोप घेतात आणि त्याच्यावर हव्या त्या जातीची काडी बांधतात. खालचा पाय रायवळचा, वरचं डोकं पायरीचं! आता सांध्याच्या खालून फुटवा आला आणि तो वेळेवर मोडला नाही, तर काय होतं? तोच जोमानं वाढतो आणि वरची काडी वाळून जाते. पायरी गेली, रायवळ उरलं.

आता चूक आबांची की आजींची? मी विचारलं, तर आत्यानं माझा हात दाबला. "गप ऱ्हव गो. ह्याचो निकाल लागलो तर ही दोगां उद्या बोलतली काय?"

आता कोड्याचं उत्तर. नीरफणसाला बी नसते, मग रोप कुठून आलं? मुळापासून! या झाडाची काही मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात पसरतात. एखादं मूळ कुठे खरचटलं की तिथून फुटवा येऊ शकतो. मुळाच्या तुकड्यासकट तो काढून दुसरीकडे लावायचा. म्हणजे बघा, हा वाऱ्यानं उडत जाणार नाही, पक्ष्याच्या पोटातून जाणार नाही. कुणीतरी कुणाला तरी हातानं द्यावाच लागतो!

नीरफणस मूळचा फार लांबचा, न्यू गिनी आणि प्रशांत महासागरातल्या बेटांकडचा. तिथले लोक होड्यांतून नव्या बेटावर राहायला जाताना याची रोपं बरोबर नेत. मला वाचलेली एक गोष्ट आठवली, ती मी खळ्यात सांगितली. इंग्रजांना ही झाडं वेस्ट इंडीजमध्ये हवी होती. कशाला? तर उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांचं पोट स्वस्तात भरावं म्हणून. कप्तान विल्यम ब्लाय 'बाउंटी' जहाजातून ताहिती बेटावर गेला आणि त्यानं हजाराहून जास्त रोपं भरून घेतली. पण १७८९ साली वाटेतच खलाशांनी बंड केलं, कप्तानाला छोट्या होडीत बसवून सोडून दिलं आणि रोपं समुद्रात भिरकावली! तो पुन्हा दुसऱ्या जहाजानं निघाला, तेव्हा कुठे १७९३ साली रोपं वेस्ट इंडीजला पोचली.

आबांनी मान डोलावली. "म्हंजे आमच्या वयनीचो सासरो त्या कप्तानापेक्षा हुशार. एका डब्यात काम केल्यान!"

कारण आजींचं झाडही असंच सीमा ओलांडून आलेलं. शिरोड्याच्या पुढे रेडी, त्यापुढे तेरेखोलची खाडी आणि पलीकडे गोव्याचं पेडणे. १९६१ पर्यंत गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्या काळात आजींचे सासरे पेडण्याला बहिणीकडे गेले आणि येताना रॉकेलच्या डब्यात माती भरून त्यात नीरफणसाचं रोप घेऊन आले. नाक्यावर शिपायांनी अडवलं. डब्यात सोनं-बिनं लपवलंय की काय, म्हणून माती उकरून पाहिली!

"किती शिपाय होते, वयनी?" आबांनी विचारलं.

"तीन!"

"गेल्या शिमग्याक दोन होते."

असा तो खळ्यातला दरबार. परत निघताना आजींनी मला कोकमाची सोलं दिली आणि घनसाळ तांदळाची चार भातं बियाणाला मागून घेतली. मी तांदूळ आणला होता, भात नव्हे. आबा इतके हसले, की आजी त्यांच्यावर दोन दिवस रुसल्या.

पुढे करोना आला. शाळा बंद, गाड्या बंद. आणि मे २०२१ मध्ये सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून तौक्ते चक्रीवादळ गेलं. मैत्रिणीचा फोन आला, "आजींचं झाड पडलं गं."

त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही गेलो. जिथे सावली असायची तिथे नुसतं ऊन पडलं होतं. झाड मुळासकट उपटलं होतं. राहिलेल्या मुळांना एक-दोन फुटवे आले होते, पण खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं आणि ते कुजून गेले. तिन्हीसांजेला खळ्यात तिघंच होती. आजी घरातून बाहेर आल्या नाहीत. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "सासऱ्यांनी आणलेला होता. माझ्या हातात ऱ्हवला नाय." मला काय बोलावं सुचेना.

आबाही गप्प होते. पण सकाळी त्यांनी मला त्यांच्या परसात बोलावलं. आजींनी दिलेला नीरफणस तिथे ताठ उभा होता. वादळात दोन फांद्या मोडल्या होत्या, एवढंच. आबांनी खाली वाकून माती बाजूला केली. एका मुळावर कोयतीचा हलका घाव होता.

"गणपतीपासून वाट बघतंय," ते हळूच म्हणाले. "अजून फुटाक नाय. वयनीक सांगू नको. नाय फुटलो तर?"

आजपर्यंत आबांना इतकं हळू बोलताना मी ऐकलं नव्हतं.

२०२२ च्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, मी पुन्हा गेले. आदल्या रात्री पहिला पाऊस पडला होता आणि सगळीकडे मातीचा वास सुटला होता. आम्ही चहा घेत होतो, तेवढ्यात आबा आले. त्यांच्या हातात एक गंजका पत्र्याचा डबा होता. ते आमच्याकडे न थांबता सरळ आजींच्या खळ्यात गेले. आम्ही गडग्याशी जाऊन उभे राहिलो.

डब्यात वीतभर रोप होतं. तीन पानं, पंजासारखी.

"वयनी, ह्यां तुमचांच. मी नुसतां सांभाळलंय," आबा म्हणाले.

आजी बराच वेळ रोपाकडे बघत राहिल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग आतून कुदळ आणली आणि जुन्या जागेपासून जरा वर, जिथे पाणी साचणार नाही तिथे, खड्डा खणायला लागल्या. ड्रायव्हरमामा पुढे झाले, तर त्यांना हातानंच बाजूला केलं. रोप लावलं, माती दाबली, भोवती काट्यांचं कुंपण केलं. आम्ही सगळे गप्प.

शेवटी आजी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावजीनू, नाक्यावर शिपाय चार होते."

आबा असे हसले, की गडग्यावरचं मांजर उडी मारून पळालं! "आणि माझी पायरी?" आजींनी लगेच विचारलं. तिन्हीसांजेला खळ्यात पुन्हा चार जण बसले.

मे २०२५ मध्ये मी तिथे गेले होते. ते रोप आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. फळ अजून धरलं नव्हतं. पण आजींची यादी तयार होती. पहिला फुटवा ड्रायव्हरमामांना, दुसरा आत्याला. मीही मागितला, तर म्हणाल्या, "तुझ्या घाटार थंडीत मरात तो." म्हणजे कापं खायला मला कोकणातच जावं लागणार! बाजूला पायरीचं नवं कलमही लागलंय. आबा रोज सकाळी येऊन त्याच्या सांध्याखाली वाकून बघतात. आजी रोज विचारतात, "माझ्यावर विश्वास नाय तुमचो?"

परत आल्यावर मी माझ्या चौथीच्या मुलांना विचारलं, "तुमच्या दारातलं झाड कुणी दिलं?" कुणालाच सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळी विचारून आली. एकीचा कढीपत्ता तिच्या आईनं माहेराहून आणलेला. एकाचा पेरू त्याच्या आजोबांनी मित्राकडून आणलेला. ते मित्र आता नाहीत. ते सांगताना आजोबा बराच वेळ बोलत बसले, असं तो म्हणाला.

तुम्हीही आज घरी विचारा. आणि कुणी गोष्ट सांगताना शिपाई दोनाचे चार केले, तर मोजू नका बरं का!