शाफ्ट दोन्ही बाजूंनी धर

शाळेच्या फॉर्मवर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘स्वतःचा धंदा’ एवढंच लिहायचो. अब्बा साताऱ्यात हायवेलगतच्या एका गॅरेजात ट्रकचे गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन खोलायचे. मी लिहीत होतो ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं.

अब्बाही मला गॅरेजात येऊ द्यायचे नाहीत. डबा बाहेरच्या बाकड्यावर ठेवायचा आणि उलट पावली घरी यायचं. त्यांच्या कामातलं मला ठाऊक होतं ते एवढंच, रॉकेलनं धुतलेले हात आणि नखांत उरलेलं ग्रीस.

आता मी सांगलीत नोकरी करतो. अम्मी गेल्यावर अब्बा आमच्याकडे आले. 74 वर्षांचे आहेत, हात थरथरतात. हंगामात बाल्कनीत बसून कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या ऐकतात. बघत नाहीत, ऐकतात. कुठल्या गाडीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात. आम्ही हो हो म्हणतो.

मुलगी सहावीत आहे. तिच्या मामूनं दुबईहून लेगोचा मोटरवाला सेट आणला. साध्या विटांचा नाही, टेक्निक म्हणतात तो. 1977 पासून ही मालिका निघते. यात भोकं असलेल्या पट्ट्या असतात, त्यातून दांडे जातात, दांड्यांवर दातेरी चाकं बसतात. 8 दातांचं, 24 दातांचं, 40 दातांचं. सहा सेलची बॅटरी आणि एक मोटर. पोरीनं दोन वर्षांची ईदी घालून आणखी जुने तुकडे मिळवले आणि पुस्तिकेतली गाडी मोडून स्वतःचा ट्रक करायला घेतला.

ट्रक झाला. फरशीवर सुसाट धावला. मग तिनं कॅरम बोर्ड उशीला टेकवून घाट केला आणि हौद्यात अर्धा किलो हळकुंडं भरली. सांगलीची पोर, दुसरा माल काय भरणार? ट्रक घाटाच्या तोंडाशीच थांबला.

मी मोबाइलवर बघून शहाणपण शिकवलं. तिनं मोटरला 24 दातांचं चाक लावलं होतं आणि ते चाकांकडच्या 8 दातांच्या चाकाला फिरवत होतं. म्हणजे वेग तिप्पट, पण जोर एक तृतीयांश. आम्ही उलटं केलं. मोटरला 8, पुढे 24. वेग तिसऱ्या हिश्शावर आला, जोर जवळजवळ तिप्पट झाला. ट्रक वीतभर चढला आणि आतून टक-टक-टक आवाज यायला लागला. मोटर फिरतेय, चाकं जागेवर. आम्ही 40 दातांचं चाक लावून पाहिलं, टक-टक वाढलीच. मी म्हणालो, तुकडे जुने आहेत, झिजले असतील. पोर रडायच्या बेतात.

बाल्कनीतून आवाज आला, “दात झिजले नाहीत. शाफ्ट हिल रा है. दोनों तरफ से पकड उसकू.”

आम्ही बघितलं. दांडा एकाच पट्टीतून आलेला, दुसरं टोक हवेत. भार आला की टोक वाकायचं, दातांतली पकड सुटायची आणि एक दात दुसऱ्यावरून उडी मारायचा. पलीकडून आणखी एक पट्टी लावून दांड्याला दुसऱ्या बाजूनं आधार दिला. टक-टक बंद.

मग अब्बा आत येऊन खाली बसले. मागच्या अ‍ॅक्सलवरचं डिफरन्शियल बोटांत धरलं तेव्हा त्यांचा हात थरथरत नव्हता, असं लिहायला मला आवडलं असतं. थरथरत होता. पण त्यांनी एक चाक फिरवलं, दुसरं उलटं फिरलं आणि पोरीला विचारलं, “का?” तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक तरी घासत जाणार. म्हणून मध्ये ही तीन छोटी चाकं. बोगदा नव्हता तेव्हा भरलेल्या टाटा 1210 खंबाटकीच्या वळणांवर कशा रडायच्या, हे त्यांनी आवाज काढून दाखवलं.

पोरीनं सांगितलं, ही कंपनी काढणारा डेन्मार्कचा ओले किर्क क्रिस्तियानसेन मुळात सुतार होता, 1932 मध्ये लाकडी खेळणी करायला लागला. अब्बा म्हणाले, “म्हणजे मिस्त्रीच.”

हल्ली सोशल मीडियावर आपल्याला ‘पंक्चरवाले’ म्हणतात. शिवी म्हणून. आपण चिडून डॉक्टर, इंजिनिअर, कलेक्टर झालेल्या मुस्लिमांची यादी पुढे करतो. मीही केली आहे. त्या यादीत मी अब्बांना कधी धरलं नाही. इथून दहा किलोमीटरवर मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात सतारी करायला घेतल्या. त्यांचं नाव मात्र आपण अभिमानानं घेतो. सतारीला ग्रीस लागत नाही, म्हणून असेल.

आपल्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट आठवत असेल. त्यांनी भंगारातल्या भागांतून मुलासाठी, किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली, सुमारे 60 हजारांत. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ ट्विट केला आणि पुढच्या महिन्यात तिच्या बदल्यात बोलेरो दिली. तो व्हिडिओ अब्बांनी तेव्हा माझ्या फोनवर चार-पाच वेळा बघितला होता आणि एवढंच म्हणाले होते, “पोरासाठी केली त्यानं.”

त्या रात्री पोर झोपल्यावर मी विचारलं, “अब्बा, तुम्ही मला गॅरेजात का येऊ दिलं नाही?”

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तुला आवडलं असतं.”

मला राग आला. चाळीस वर्षांनी आला, पण आला. मी काही बोललो नाही. पाणी प्यायला म्हणून आत गेलो.

सकाळी उठलो तर हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर ट्रकचं मागचं अ‍ॅक्सल सुटं करून ठेवलेलं, एकेक तुकडा खोललेल्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे. अब्बा फजरला गेले होते. जाताना पोरीला उठवून सांगून गेले होते, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, तुझ्या बापानंसुद्धा. आणि बापाला म्हणावं, आज रजा टाक.