फाट्यावर उतरल्यावर

पुण्याहून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स मला पहाटे देवगाव फाट्यावर उतरवते आणि जिंतूरकडे निघून जाते. एक रस्ता सेलूला जातो, एक मंठ्यावरून जालन्याला. टपरीवर स्टोव्ह पेटलेला असतो आणि पप्पा मोटरसायकल घेऊन उभे असतात. गेल्या नऊ वर्षांत त्यांना एकदाही उशीर झालेला नाही. आणि नऊ वर्षं मी उतरता उतरता आधी त्यांचे डोळे बघतो. लाल आहेत का? जवळ गेलो की हळूच वास घेतो.

त्यांना ते कळतं. ते बॅग घेतात, बोलत काही नाहीत.

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. तरी पप्पा नाताळपुरतेच चर्चमध्ये दिसायचे, एरवी दारू. माझ्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी आईने सोयाबीनच्या पट्टीतले बत्तीस हजार बाजूला ठेवले होते. ते त्यांनी महिन्याभरात संपवले. फी मामाने भरली. त्याच वर्षी एका प्रार्थनासभेत पप्पा गुडघ्यावर आले, रडले, आणि दारू सुटली ती सुटलीच.

आमच्या मराठी बायबलमध्ये शब्द आहे 'नीतिमान ठरवणे'. त्यातलं 'ठरवणे' मला नेहमी खटकायचं. आरोपी निर्दोष ठरतो, तसं. माणूस आधी चांगला होतो आणि मग देव त्याला पास करतो, असं नाहीच. निकाल आधी लागतो, चांगलं वागणं त्याच्या मागून येतं. मी टेस्टिंग झाल्याशिवाय काही पुढे न पाठवणारा माणूस. मला हे पचायचं नाही. पप्पा साक्ष द्यायला उभे राहून "माझं मागचं समदं पुसलं" म्हणाले की माझ्या मनात यायचं, पैसे आईचे होते, मग पुसणारा देव कोण?

आजीचं माहेर जालन्याचं. ती बेथेलबद्दल सांगायची. जालन्याजवळची ही वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात वसवली. बेथेल म्हणजे देवाचं घर. (आमच्या फाट्याचं नावही काही फार लांबचं नाही.) शेषाद्री जन्माने ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला, जेवला होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. प्रश्न पुढे आला: याला जातीत परत घ्यायचं का? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. त्यावरून मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. जांभेकरांनाही त्याचा त्रास झाला.

बाप घ्यायला तयार, पोरगा यायला तयार, आणि दारात बाकीचेच उभे. हे वाचलं तेव्हा मी त्या कर्मठांवर चिडलो होतो. स्वतःकडे बघायचं सुचलं नाही.

उधळ्या पुत्राची गोष्ट चर्चमध्ये वर्षातून दोनदा तरी होते. सगळं उडवून आलेला पोरगा ठरवून येतो की, बाबा, मला सालगडी म्हणून ठेवा. पण सालगड्याचं वाक्य तोंडातून निघायच्या आत बाप झगा, अंगठी, जोडे मागवतो. म्हणजे त्याला कामावर नाही, घरात घेतलं. पाळक इथे थांबतात. पण पुढे थोरला भाऊ आहे. तो शेतातून येतो, गाण्याचा आवाज ऐकतो, आणि आत यायला नकार देतो. बाप त्याचीही समजूत काढायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही.

गेल्या डिसेंबरात फाट्यावर चहा घेत होतो. पप्पांचा एक जुना बैठकीतला माणूस आला. हसत म्हणाला, "काय अण्णा, आज कोरडंच? का पोरगा हाय म्हणून?"

पप्पा म्हणाले, "जय ख्रिस्त. चहा घे." आणि त्याच्यासाठी एक सांगितला.

मीच उसळलो. "नऊ वर्षं झाली काका, माहीत नाही का तुम्हाला?" आवाज जरा जास्तच चढला. टपरीवाल्याने वळून बघितलं. पप्पांनीही बघितलं, माणसाकडे नाही, माझ्याकडे. मी कप ठेवला आणि सुटे पैसे शोधायला लागलो.

गाडीवर थंडी फार होती. त्यांनी मफलर काढून मागे दिला. मी तो नाकातोंडावर गुंडाळला. डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी तो मुद्दाम घेतला नाही, असं म्हणणार नाही.