वरच्या टाक्यातलं पाणी

लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन, हे शाळेतलं गणित सायकलवर सामान लादून घाट चढताना मांड्यांना कळतं. तंबूत, कपड्यांत, खाण्यात काटछाट करता येते. पाण्यात करायला मन धजत नाही. भोरच्या पश्चिमेला, तोरणा-राजगडाच्या मागच्या अंगाला, मार्चनंतर कच्च्या रस्त्यांनी हिंडताना चार लिटर घेऊन निघालं तर ते दुपारीच संपतं, आणि सहा घेतलं तर त्यातलं बरंचसं ते ओढण्यापायीच प्यावं लागतं.

आणि ही गत कुठे, तर पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर कोसळतो त्या घाटमाथ्यावर! काळा कातळ पोटात पाणी फारसं धरत नाही. जे थोडं मुरतं ते लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्याशी, बहुधा लालसर मातकट पट्ट्यावर, अडतं आणि कड्याला कुठेतरी पाझरतं. म्हणून नकाशातल्या निळ्या रेघेवर विसंबू नये. ती रेघ ऑगस्टातली असते. करड्या उतारावर आडवा गेलेला हिरवा पट्टा शोधावा, गुरांच्या वाटा कुठे एकत्र येतात ते बघावं, उंबर दिसला तर वाट वाकडी करून जावं. वराहमिहिरानं सहाव्या शतकात झाडं आणि वारुळं पाहून भूजल ओळखण्यावर बृहत्संहितेत अख्खा अध्याय लिहिला. त्यातला प्रत्येक ठोकताळा खरा असेल असं नाही, पण उंबरानं मला सहसा फसवलेलं नाही.

तरी शेवटी विचारावंच लागतं. मढे घाटाच्या अलीकडे एका वाडीत विचारलं, "मावशी, प्यायचं पाणी कुठं मिळंल?" हंडा काखेला लावून निघालेल्या बाई म्हणाल्या, "या माझ्यासंगं. दोन टाकी हायेत. वरच्यातलं घ्या, खालचं गुरांचं." एवढ्या दोन वाक्यांत जे कळलं ते कुठल्या अॅपवर मिळत नाही.

टाक्याच्या कडेला शेवाळ, मधे पाणी स्वच्छ, वर पळणारे किडे. आमची पद्धत अशी की पिशवी बुडवून भरायची, तोंडाला फिल्टर फिरवून बसवायचा आणि पिशवी पिळत राहायचं. धार करंगळीपेक्षा बारीक, आणि पाण्यात गाळ असला तर तीही मंदावते. शेजारी मावशींनी हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी धरली आणि भराभर पाणी ओतलं. त्यांचा हंडा भरला तेव्हा आमची बाटली निम्मी होती. त्यांना फिल्टरचं पाणी प्यायला दिलं. घोट घेऊन म्हणाल्या, "चव गेली की वो."

त्या घडीला हसू नये. नारूचे जंतू ज्या बारीक जलकीटकांच्या पोटात असतात, ते कीटक साध्या कापडात अडकतात. विहिरीवर पाणी गाळून घेण्याची सवय हा नारू हटवण्याच्या मोहिमेचा मोठा आधार होता. देशातला शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पुढे बांगलादेशात रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा त्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्यानं घटली. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागे फुलतात आणि छिद्रं बारीक होतात.

आमच्या फिल्टरची छिद्रं 0.1 मायक्रॉनची. जिवाणू अडतात, जिआर्डियाही अडतो. पण काविळीचा विषाणू त्याहून लहान, तो खुशाल पार होतो. त्यासाठी वस्तीजवळच्या पाण्यात वरून क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबायचं. उलट क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीन जुमानत नाही, तो फिल्टरलाच अडवावा लागतो. एक मिनिट खळखळून उकळलं की सगळेच मरतात, पण दर लिटरला गॅस जाळायचा तर डबा दुसऱ्या दिवशीच रिकामा. म्हणून दोन उपाय जोडीनं वापरायचे आणि चवीचं नाव काढायचं नाही.

दुसरी वाट वरंध घाटाची. कावळ्या किल्ल्याच्या कड्यात खोदलेली टाकी आहेत. तिथे बाटल्या भरून उतरलं की महाड. तिथलं चवदार तळं बघितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सीताराम केशव बोल्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव 1923चा, महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं 1924 साली, आणि प्रत्यक्ष ओंजळ भरायला बाबासाहेबांसह हजारोंना 20 मार्च 1927 रोजी चालत जावं लागलं. त्यानंतर सनातन्यांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी ओतून ते 'शुद्ध' करून घेतलं. म्हणजे धड पाण्यात मैला ओतला आणि ते पिण्याजोगं झालं म्हणून जाहीर केलं! पाण्यावर केलेल्या सगळ्या प्रक्रियांत इतकी उफराटी दुसरी मला माहीत नाही. तळ्याच्या हक्काबद्दल हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं.

हे जुनं झालं म्हणावं, तर पाणवठ्यावर अजून आधी प्रश्न येतो, "कुठले तुम्ही? आडनाव काय?" बहुतेकदा त्यात नुसतं कुतूहल असतं. मी माझं आडनाव सांगून मोकळा होतो आणि पोहरा विहिरीत सुटतो. आमच्यातला एकजण मात्र गावाचं नाव सांगतो, नोकरीचं सांगतो, सायकलची किंमतसुद्धा सांगतो. पुढच्या फोर्कला त्यानं दीड लिटरची एक बाटली जास्तीची बांधलेली असते. चढाला ती कशाला वागवतोस म्हणून आम्ही त्याला सुरुवातीला चिडवायचो. ती घरूनच भरून आणतो आणि शक्यतो उघडत नाही.