विमानाची गेलेली पायरी

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. तेथे आपली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात मात्र आपली मंडळी आली ती १९८० नंतर, यंत्रांच्या पाठोपाठ. बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा अशा पुण्याशी नाते सांगणाऱ्या कारखान्यांनी तेथे बस्तान बसवले आणि माळव्याच्या काळ्या मातीत नवी मराठी वस्ती उभी राहिली.

या वस्तीला विमान गाठायचे तर इंदूरला बिजासनच्या टेकडीकडे जावे लागते. होळकर दरबाराने १९३५ साली टाटांच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांच्याकडून तेथील जागा निवडून घेतली आणि १९४८ पासून विमाने नियमित उडू लागली. आज त्या विमानतळाला देवी अहिल्याबाईंचे नाव आहे.

तेथे आम्हांला दोन तऱ्हेची विमाने दिसतात. लहान एटीआर विमानाचे मागचे दार खाली उघडते आणि त्याच्या आतल्या अंगाच्या पायऱ्याच जमिनीला टेकतात. मोठ्या एअरबसचे दार मात्र माडीइतके उंच. बाहेरून शिडी आल्यावाचून कोणाला उतरता येत नाही.

पूर्वी मोठ्या विमानांनाही स्वतःची पायरी असे. इंडियन एअरलाइन्सने १९६४ च्या सुमारास आणलेल्या कॅरव्हेलच्या शेपटाखालून शिडी उतरे. बोइंग ७२७ ची रचना तशीच, तर ७३७ मध्ये पुढच्या दाराखाली घडीची शिडी बसवता येई. लहान गावी साधने नसली तरी अडू नये, हा त्यामागचा हेतू. नोव्हेंबर १९७१ मध्ये अमेरिकेत एक खंडणीखोर ७२७ च्या त्याच शिडीवरून छत्री घेऊन उडी टाकून नाहीसा झाला. पुढे उडत्या विमानात ती उघडू नये म्हणून बाहेर अडसर बसवला गेला.

परंतु शिडी मागे पडली ती मुख्यतः वजनापायी. जमिनीवर दहा मिनिटे लागणारी वस्तू आकाशात तासन्‌तास वाहायची, त्यासाठी इंधन जाळायचे, वर तिची दुरुस्ती सांभाळायची. विमानतळांवर शिड्या आणि पूल आले. इंदूरच्या २०१२ च्या नव्या इमारतीतही पूल आले. मग कित्येक कंपन्यांनी ७३७ ची शिडी काढून टाकली, कित्येकांनी ती घेतलीच नाही. किलोकिलोचा हिशेब करणाऱ्या पीथमपूरच्या अभियंत्याला हे सहज पटेल.

तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. वजन विमानावरून उतरले, जबाबदारी जमिनीवर आली. शिडीची गाडी उशिरा आली, तर दार उघडूनही प्रवासी आतच. गुडघे धरलेल्या आजींना तर शिडीही पुरत नाही. त्यांना उतरण, उचलगाडी किंवा पूलच हवा. मुलाबाळांना भेटण्यासाठी आयुष्यात प्रथमच विमानात बसणारी कितीतरी वडीलधारी माणसे आपल्या घरांत आहेत. तेव्हा तिकीट काढतानाच त्यांच्यासाठी चाकाची खुर्ची आणि चढण्या-उतरण्याची सोय मागून ठेवावी. विमानाने आपली पायरी टाकली असली, तरी घरच्या माणसांनी आधाराचा हात टाकू नये.