लांबचा मुलूख आणि आपले भोकरदन

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील मार्टिन आणि ओसा जॉन्सन यांचे लग्न 1910 साली झाले. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे या जोडप्याने संसार केला तो बहुतेक जहाजात, तंबूत आणि जंगलात. मार्टिन कॅमेरा चालवीत आणि ओसाबाई बंदूक घेऊन त्यांच्या पाठीशी उभ्या राहत. प्रशांत महासागरातील बेटे, बोर्निओ, केनिया, काँगो येथे फिरून त्यांनी चित्रपट काढले. दोघेही विमान चालवायला शिकले. 1937 साली मार्टिन विमान अपघातात गेले. ओसाबाईंनी 1940 मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

नवरा-बायकोने बरोबरीने केलेल्या या कामाचे कौतुक वाटते. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 1917 साली ते मालेकुला बेटावर गेले, आणि 1918 च्या चित्रपटाच्या नावातच तिथल्या लोकांना नरभक्षक ठरवले गेले. 1919 मध्ये त्यांनी पुन्हा तिथे जाऊन त्या लोकांना त्यांचीच चित्रे पडद्यावर दाखवली. लोकांनी स्वतःला पाहिले खरे, पण चित्राखालची अक्षरे लिहिणारा हात दुसऱ्याचा होता. आणि ‘दूरचा मुलूख’ म्हणजे कोणापासून दूर? तिथे राहणाऱ्याला ते घरच असते.

हे दुःख आपल्याला नवे नाही. आपले वर्णन शतकानुशतके दुसऱ्यांनीच केले. साधी सहलसुद्धा आपल्याला सुखाची नव्हती. 1934 साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले, तेव्हा हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून तिथे गलका झाला.

म्हणून आता आपणच बघायला निघावे. त्यासाठी आफ्रिका गाठायला नको. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जा. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. 1973 साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले. सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष निघाले. हस्तिदंताची एक भग्न स्त्रीमूर्तीही सापडली. तशाच घडणीची मूर्ती इटलीत, इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली होती. ज्याला आज कोणी आडगाव म्हणेल, त्याचे नाते तेव्हा समुद्रापलीकडे पोहोचले होते!

त्याहून मोठी गोष्ट सांचीची. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनचे उपासकही आहेत. त्यांनी आपले नाव आणि आपले गाव स्वतःच दगडावर कोरवून घेतले. कोणी परका येऊन आपली ओळख लिहील, याची वाट पाहिली नाही.

आज घरोघरी मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. सुट्टीच्या दिवशी नवरा-बायकोने मुलांना घेऊन भोकरदन पाहावे, पुढे सिल्लोडवरून अजिंठ्याला जावे. पण त्याआधी घरातल्या आजीसमोर बसावे. 1956 च्या धम्मदीक्षेची आठवण सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. 1994 च्या नामांतरापूर्वी गावोगाव ज्यांनी मार खाल्ला, तेही थकले आहेत. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा आणि खाली त्यांचे पूर्ण नाव व गाव लिहा. ती माणसे गेली, तर हा मुलूख खरोखरच लांबचा होईल.

जयभीम!