सही राहिली

शुक्रवार पेठेतल्या घरापासून पंचगंगेचा घाट हाकेच्या अंतरावर. तरी आबा जन्मात कधी नदीत उतरले नाहीत. पेठेतली पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकली, मुटके मारू लागली. आबा काठावर सगळ्यांचे कपडे राखत बसायचे. ज्याचा त्याचा स्वभाव. पण मुलीच्या बाबतीत त्यांनी जे केलं, ते नात्यातल्या आम्हा सगळ्यांना अजून सलतं.

आजोळच्या विहिरीत ती पोहायला शिकली होती. शाळेच्या संघात नाव आलं. सराव अंबाई जलतरण तलावावर, पहाटे. पालकांच्या सहीचा कागद तिने आबांपुढे ठेवला. त्यांनी तो घडी करून चष्म्याच्या घरात घातला. "बघू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा "बघू". सर्दी होईल, कान फुटेल, पहाटे रस्त्यावर कुत्री असतात. कारण रोज नवं. ते ऑफिसला निघाले की ती पेन घेऊन दारात उभी राहायची. मुदत संपली, कागद घडीतच राहिला. सरळ "नाही" म्हणाले असते, तर पोरगी भांडली तरी असती!

2008 मध्ये कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला गेला. आबांनी ती बातमी जेवताना कौतुकाने मोठ्याने वाचली. मुलगी ताटावरून उठली. 2010 मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याने 50 मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य जिंकलं. 1986 मध्ये खजान सिंगने रौप्य मिळवलं होतं, त्यानंतर भारताला पोहण्यात मिळालेलं हे पहिलंच आशियाई पदक. या वेळी आबा काही बोलले नाहीत.

ती ऑलिंपिकला गेली असती असं कोणीच म्हणत नाही. तिला फक्त पोहायचं होतं.

आणि तरीही 2019 चा ऑगस्ट विसरता येत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. त्या वर्षी पाणी 55 फुटांवर गेलं. इशारा पातळी येताच आबांनी घरातलं धान्य, कागदपत्रं, गाद्या माळ्यावर चढवल्या, म्हाताऱ्या शेजारणीलाही हलवलं. गल्लीने तेव्हा त्यांना दुवा दिला. त्यांची भीती त्या आठवड्यात खरी ठरली, हे मान्यच करायला हवं.

पण पुराचं पाणी वेगळं आणि शिकवणारा काठावर उभा असलेला तलाव वेगळा. उलट नदीकाठच्या पोराला पोहता येत नसेल, तर घोर त्याचाच लागायला हवा. आईबापांनी तलावावर जावं, पाणी किती खोल आहे ते विचारावं, जीवरक्षक आहे का ते बघावं, हवं तर पहिले काही दिवस तिथेच बसावं. पण सही वेळेत करावी.